दमसासाची टिपणं

ताई ची शिकवणारा चांगला शिक्षक सुरुवातीचे काही महिने श्वासाबद्दल फारसं बोलत नाही. गुडघे मोकळे ठेवा, कंबर सैल सोडा, खांदे खाली येऊ द्या, मान सरळ असू द्या, एवढंच सांगत राहतो. नव्या माणसाची निराशा होते. तो 'आतली शक्ती' शिकायला आलेला असतो आणि त्याला गुडघ्यांबद्दल ऐकावं लागतं. पण हा क्रम बरोबर आहे. खांदे वर ओढलेले आणि पोट आवळलेलं असताना श्वास खोल जाणार कसा? आधी त्याला जागा करून द्यावी लागते. गेली काही वर्षं या विषयावर वाचताना आणि थोडं करून पाहताना मी टिपणं काढत आलो. त्यांतून माझं एक मत पक्कं झालं आहे: चिनी युद्धकलांतला श्वास कमवावा लागतो, आणि त्यात चमत्कार शोधणाऱ्याच्या हाती कलाही लागत नाही, चमत्कारही नाही.

*

पुढे गोंधळ नको म्हणून थोडी तोंडओळख. 'ची' म्हणजे श्वास, हवा, वाफ, जोम, प्राण. संदर्भ असेल तसा अर्थ. ('ताई ची'मधला 'ची' निराळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) 'दानत्येन' ही नाभीखाली साधारण तीन बोटांवरची, पोटाच्या आतली जागा. 'चीगोंग' म्हणजे श्वास आणि संथ हालचाल यांचे व्यायाम. 'फाजिन' म्हणजे साठवलेला जोर एका क्षणात बाहेर टाकणं. ताई ची, शिंगयी आणि बाग्वा या तिघींना मिळून 'आतल्या' कला म्हणतात, आणि शाओलिनच्या परंपरेला 'बाहेरची'.

*

हूनान प्रांतातलं चांग्शा शहर. तिथे मावांगद्वी नावाच्या जागी हान काळातल्या कबरी सापडल्या. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेली तिसऱ्या क्रमांकाची कबर १९७३ साली उघडली, तेव्हा तिच्यात रेशमावर रंगवलेलं एक चित्र निघालं. तुकडे झालेलं, पण जोडता आलं. त्यात ४४ आकृत्या आहेत. बायका आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, म्हातारे आहेत. कुणी वाकलंय, कुणी हात पसरलेत, कुणी वर पाहतंय. काहींच्या शेजारी नावं लिहिलेली आहेत. एकीला अस्वलाचं नाव आहे, एकीला करकोच्याचं. एका आकृतीशेजारी गुडघेदुखीचा उल्लेख आहे, दुसरीशेजारी वर तोंड करून श्वास सोडण्याचा.

या चित्रात कुणी कुणाला मारत नाही. श्वास आणि हालचाल यांची जोडी चीनमध्ये जमली ती दुखणं हलकं व्हावं, आयुष्य वाढावं म्हणून. हूबेई प्रांतातल्या झांगज्याशान इथल्या कबरीत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली अशाच व्यायामांची पोथी मिळाली. ती मावांगद्वीच्या चित्राहूनही थोडी जुनी. तिच्यातही तेच: कुठे दुखतं, तर काय करावं.

*

मिंग काळातला सेनापती छी जीग्वांग (१५२८–१५८८). किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढलेला माणूस. सैनिकांच्या कवायतीवर त्याने लिहिलेल्या ग्रंथात मुष्टियुद्धाचं एक प्रकरण आहे, चित्रांसह ३२ पवित्रे. मोठ्या लढाईत नुसत्या हातांचा फारसा उपयोग नाही, पण अंग चपळ होतं आणि शिकाऊ शिपायाची ती पहिली पायरी, असं त्याचं स्वच्छ मत. त्या प्रकरणाचा भर पाय, हात, चपळाई यांवर आहे. दानत्येनमध्ये काही साठवण्याची शिकवण त्याने शिपायांना दिली नाही. पुढे चेन घराण्याच्या ताई चीत यातले अनेक पवित्रे जसेच्या तसे आले.

*

मग श्वासाचा व्यायाम आणि मारामारी एकत्र कधी आली? मिंग काळाच्या अखेरीस आणि चिंग काळाच्या सुरुवातीस, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपास. या जोडणीचा मोठा साक्षीदार 'यीजिन जिंग' हा ग्रंथ, स्नायू पालटवण्याची पोथी. तिला जोडलेल्या प्रस्तावना स्वतःला थेट तांग आणि सोंग काळातल्या म्हणवतात आणि पोथीचं कर्तृत्व भारतातून आलेल्या बोधिधर्माला देतात. त्या प्रस्तावना बनावट आहेत. भरवशाची सर्वात जुनी तारीख १६२४ ची.

शाओलिनच्या भिक्षूंना बोधिधर्माने कुंग फू शिकवलं, ही गोष्ट आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते, कारण तिच्यात आपला माणूस आहे. पण तिला इतिहासाचा आधार नाही. थांग हाओ या चिनी वकील-अभ्यासकाने १९३० साली शाओलिन आणि वूदांग यांच्या दंतकथांची चिकित्सा करणारं पुस्तक काढलं आणि बोधिधर्म व ताई चीचा जनक मानला जाणारा झांग सानफेंग या दोघांनाही युद्धकलांच्या जनकपदावरून उतरवलं. घराण्यांचे अभिमान दुखावले. तरी त्याचं काम टिकलं. ज्याला ही कला मनापासून आवडते, त्याने तिचा खरा इतिहासही आवडून घ्यावा. भारताचं नाव त्यातून गळलं म्हणून कलेचं काही कमी होत नाही.

*

'आतली' आणि 'बाहेरची' हा भेद लेखी स्वरूपात पहिल्यांदा १६६९ साली येतो. विद्वान ह्वांग झोंगशी याने वांग झेंगनान नावाच्या मुष्टियोद्ध्याच्या समाधीवर लेख लिहिला, त्यात. तिथे आतल्या कलेचं वैशिष्ट्य सांगितलंय ते स्थिर राहून हालचालीवर मात करण्याचं. ह्वांग मिंग राजवटीशी निष्ठावंत होता आणि देशावर मांचूंचं राज्य आलेलं होतं. काही अभ्यासक म्हणूनच या 'आत' आणि 'बाहेर'मध्ये राजकारणही वाचतात: आतलं म्हणजे आपलं, बाहेरचं म्हणजे परक्यांचं. आज आपण हे शब्द ऐकतो आणि लगेच पोटातल्या ऊर्जेकडे बोट दाखवतो. मूळ लेखाचा रोख वेगळा होता.

*

दानत्येन नेमकं काय आहे, हे एकदा शांतपणे लिहून काढलं.

फुप्फुसं बरगड्यांच्या पिंजऱ्यात असतात. हवा नाभीखाली कधीच जात नाही. तरी 'ची दानत्येनमध्ये उतरवा' ही सूचना खोटी ठरत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचं श्वासपटल असतं. श्वास घेताना ते खाली उतरतं. त्याच्याखालचे अवयव दाबून लहान होत नाहीत, म्हणून पोटाची भिंत पुढे, दोन्ही बाजूंना आणि थोडी पाठीकडेही सरकते; खाली कटितळाच्या स्नायूंवर भार येतो. असा चहूबाजूंनी दाब तयार झाला की कमरेचा कणा आतून सावरला जातो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्यही तिथेच, त्रिकास्थीच्या पुढे, ओटीपोटात असतो.

म्हणजे जुन्या शिक्षकांनी बोट ठेवलं ती जागा अचूक होती. शरीराचा तोल आणि कण्याचा आधार दोन्ही जिथून सांभाळले जातात, तिथेच लक्ष ठेवायला त्यांनी सांगितलं. शवविच्छेदन न करता, दाबमापक न वापरता, केवळ करून पाहत त्यांना हे सापडलं. मला यात आदर वाटण्यासारखं पुष्कळ दिसतं.

*

हिशोब. विश्रांतीत माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ श्वास घेतो, एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा. त्यातली १५० मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका यांच्यातच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. १५ श्वास धरले तर ७,५०० मिलिलिटर आत आली आणि उपयोगी पडली ५,२५०. तेवढीच ७,५०० मिलिलिटर हवा सहा संथ श्वासांत घेतली, तर प्रत्येक श्वास १,२५० चा आणि उपयोगी हवा ६,६००. त्याच हवेत सव्वापट काम.

पण यावरून 'जास्त ऑक्सिजन मिळतो' असं म्हणण्याची घाई नको. निरोगी माणसाचं रक्त विश्रांतीत ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलंच असतं. संथ श्वासाचा खरा परिणाम दुसरीकडे दिसतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आला की हा चढउतार आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा एका तालात येतात. मन निवतं, अंगातला ताण उतरतो. शस्त्रधारी माणसासमोर उभं राहायचं असेल तर असं निवलेलं मन मोठ्या दंडाइतकंच कामाचं.

*

हे मोजण्याचं काम आपल्या मातीतही झालं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक. यौगिक क्रियांच्या वेळी पोटात काय होतं ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. नौली करताना मोठ्या आतड्यात ऋण दाब तयार होतो, हे त्यांनी दाखवलं आणि त्याला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं.

दोन परंपरांमधला फरक यातून छान कळतो. नौली आणि उड्डियानात श्वास बाहेर टाकून पोट आत ओढलं जातं, दाब घटतो. चिनी युद्धकलेत धक्का देताना किंवा झेलताना पोटातला दाब वाढवायचा असतो. हेतू वेगळे, म्हणून तंत्र वेगळं. 'शेवटी सगळं एकच' असं म्हणून दोन्हींना एकाच डब्यात टाकणाऱ्याने दोन्हीकडे नीट पाहिलेलं नसतं.

*

श्वासाच्या दोन पद्धती. पहिली साधी: घेताना पोट पुढे, सोडताना आत. दुसरी उलटी: घेताना ओटीपोट हलकेच आत, सोडताना बाहेर भरतं. उलटी पद्धत ऐकायला विचित्र वाटते, पण जड वस्तू ढकलताना किंवा जोरात ओरडताना शरीर पुष्कळदा आपसूक हेच करतं. फाजिनला ती जुळते, कारण जोर सुटण्याच्या क्षणी कमरेभोवतीचा पट्टा घट्ट हवा. चेन शैलीत धक्क्याबरोबर 'हं' किंवा 'हा' असा आवाज निघतो तो याचसाठी. आवाजामुळे श्वास अडकत नाही आणि पोट एकदम आवळलं जातं.

नवशिक्याने उलट्या श्वासाच्या वाटेला जाऊ नये. पहिली पद्धत अंगवळणी पडायलाच पुष्कळ काळ लागतो.

*

वांग श्यांगजाई (१८८५–१९६३). शिंगयी शिकला, पुढे ठरावीक पवित्र्यांच्या मालिका बाजूला ठेवून 'यीच्वान' नावाची स्वतःची वाट काढली. त्याचा पाया एकच: उभं राहणं. छातीसमोर हात गोल धरून, गुडघे किंचित वाकवून, स्थिर. या उभं राहण्याला 'झानझ्वांग' म्हणतात. त्यात श्वासाला हात लावायचा नाही, तो नैसर्गिक ठेवायचा, हा त्याचा आग्रह.

करून पाहिल्यावर त्याचं कारण कळतं. थोड्याच वेळात मांड्या थरथरतात, खांदे भरून येतात आणि श्वास आपोआप वर, छातीत चढतो. तो जबरदस्तीने खाली ढकलला तर घसा आवळतो. खांदा सोडला, नितंबाचा ताण सोडला की श्वास स्वतःच एक पायरी खाली येतो. श्वास हा इथे हुकूम ऐकणारा शिपाई नसतो, अंगात कुठे ताण आहे ते सांगणारा खबऱ्या असतो.

*

शिंगयीत तीन गोष्टी एकाच क्षणी पोचाव्या लागतात: पुढचा पाय जमिनीवर, मूठ लक्ष्यावर आणि श्वासाचा सुटता झटका. पाय आधी आला तर ठोसा फक्त दंडाचा होतो. श्वास आधी सुटला तर पोट रिकामं पडतं. पाच मूळ ठोसे, दिसायला अगदी साधे, सरळ रेषेत जाणारे. सगळी अवघड गोष्ट या जुळणीत आहे.

बाग्वात वर्तुळावर चालत राहायचं असतं. तोंड वर्तुळाच्या मध्याकडे, पाऊल सपाट, डोक्याची उंची तीच. दोंग हायछ्वान (मृत्यू १८८२) याच्यापासून ही कला पेइचिंगमध्ये पसरली. चालण्याचा वेग वाढवत नेला तरी श्वास गडबडता कामा नये. दमसास नुसता बसून वाढवण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त पटतो, कारण इथे श्वासाची परीक्षा रोज, पावलागणिक होते.

*

यांग लूछान (१७९९–१८७२) हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावात चेन छांगशिंग यांच्याकडे शिकला आणि पुढे पेइचिंगमध्ये शिकवू लागला. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने हालचाली मोठ्या, संथ आणि एकसारख्या केल्या. आज जगभर बागांमधून दिसते ती ताई ची बहुतांशी या वळणाची. संथपणाचं एक कारण त्याच्या शिकवणीतच आहे: हालचाल सावकाश केली की श्वास लांब आणि खोल होतो.

संथ करण्याचं दुसरंही कारण आहे. वेगात चुका झाकल्या जातात. सावकाश पाय उचलताना तोल कुठे जातो, कुठल्या क्षणी आपण श्वास धरून ठेवतो, ते लपत नाही. अवघड वळणावर जवळजवळ सगळेच श्वास रोखतात आणि आपण रोखला हे त्यांना कळत नाही.

हात वर जाताना श्वास घ्या, खाली येताना सोडा, असं काही जण सुरुवातीपासून बांधून देतात. मला ते पटत नाही. प्रत्येकाची उंची वेगळी, फुप्फुसं वेगळी. जात्यावर दळणारी बाई श्वास मोजत बसत नव्हती. हाताचा फेरा आणि ओवीची लय यांच्यात तिचा श्वास आपली जागा शोधून घेत होता. संथ हालचालीत श्वासाचं असंच होऊ द्यावं.

*

तुइशोउ. दोन माणसं समोरासमोर उभी, मनगटाला मनगट लागलेलं, गोल फिरणारे हात. एक हलकेच दाबतो, दुसरा ते वळवून घालवतो. जिंकणं म्हणजे समोरच्याचं पाऊल हलवणं. बाहेरून बघणाऱ्याला यात काही घडतंय असं वाटत नाही.

आत पुष्कळ घडतं. समोरच्या माणसाने श्वास रोखला की त्याची छाती ताठ होते, आणि ते ताठपण हातातून लगेच कळतं. ताठ माणसाला ढकलणं सोपं, कारण एका टोकाला दिलेला धक्का थेट पायापर्यंत जातो. श्वास मोकळा असलेल्या माणसाला हात लावला तर पकडायला काही सापडत नाही. खऱ्या 'आतल्या' कौशल्याची ही उघड परीक्षा आहे. कुणीही घेऊ शकतो, कुणालाही देता येते.

यांग घराण्याबद्दल एक आख्यायिका सांगतात: तळहातावर बसलेल्या पाखराला उडता येत नसे. उडण्यासाठी पाखराला पायाने रेटा द्यावा लागतो. तो रेटा द्यायला गेलं की तळहात तेवढाच खाली जाई. घडलं असेल वा नसेल, पण गोष्ट रचणाऱ्याला कला कळत होती. त्याने तळहातातून कुठला किरण सोडला नाही. त्याने स्पर्शाची आणि माघार घेण्याची गोष्ट सांगितली.

*

दक्षिणेकडची वळणं निराळी. हुंग घराण्यातली 'लोखंडी तार' ही मालिका ताणलेल्या हातांनी आणि घशातून काढलेल्या आवाजांनी करतात. फुच्यान प्रांतातली 'सानचिन' ओकिनावाच्या हिगाओना कानर्योमार्फत कराटेच्या गोजू-र्यू परंपरेत गेली. तिथे श्वासाचा आवाज खोलीभर ऐकू येतो. सगळं अंग आवळून, श्वासाला दाबाखाली ठेवून करायचा हा सराव आहे. मार झेलण्याची ताकद त्याने वाढते.

पण इथे इशारा लिहून ठेवायलाच हवा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब भयंकर चढतो. १९८५ साली वजन उचलणाऱ्यांच्या धमनीत थेट नळी घालून मोजमाप केलं गेलं, तेव्हा दोन्ही पायांनी वजन ढकलताना एका खेळाडूचा दाब ४८०/३५० च्याही वर गेला. तरुण, निरोगी खेळाडूंचा हा आकडा आहे. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा काचबिंदूच्या रुग्णाने श्वास कोंडायचे व्यायाम करू नयेत.

*

बोटांत मुंग्या आल्या म्हणजे ची वाहू लागली, असं नवशिक्याला सांगितलं जातं. तळहात उबदार होणं समजू शकतं: ताण उतरला की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. मुंग्यांचं मात्र नीट पाहावं. गरजेपेक्षा जास्त आणि जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ही प्रगतीची खूण नाही. ते लक्षण दिसलं तर थांबून साधा श्वास घ्यावा.

*

जास्त सरावाने माणूस बिघडतो, हे चीनमध्ये जुनंच माहीत आहे. 'झोउह्वो रूमो' असं त्याला नाव आहे. भ्रम, भीती, आवाज ऐकू येणं, शरीरात काही तरी अनावर फिरत असल्याची भावना. १९८० च्या दशकात असे इतके रुग्ण आले की चिनी मनोविकारतज्ज्ञांनी त्याला वेगळी नोंद दिली, आणि १९९४ च्या अमेरिकी 'डीएसएम-४'मध्येही ती संस्कृतीशी जोडलेल्या विकारांच्या यादीत आली. श्वासाकडे खेळणं म्हणून पाहणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

*

'चीगोंग' हे आजच्या अर्थाने रूढ झालेलं नाव जुनं वाटतं, पण ते १९४९ च्या सुमारासचं. हेबेई प्रांतातला ल्यू ग्वेइझेन हा कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता. पोटाच्या अल्सरने खंगलेला. गावाकडे परंपरेने चालत आलेला श्वासाचा सराव त्याला शिकवला गेला आणि तो बरा झाला. मग पक्षातल्या सहकाऱ्यांसह त्याने त्या सरावाला धार्मिक धागे काढून वैद्यकीय रूप दिलं. १९५० च्या दशकात थांगशान आणि बेइदायह येथे आरोग्यधामं उभी राहिली. सांस्कृतिक क्रांतीत सगळं बंद पडलं.

१९७० च्या अखेरीस ते परत आलं आणि या वेळी लाट होऊन आलं. शांघायमधल्या संशोधकांनी १९७८ साली गुरूच्या हातातून निघणारी 'बाहेरची ची' यंत्रावर मोजल्याचा दावा केला. चिनी क्षेपणास्त्रांचे जनक म्हणून मान असलेल्या छ्येन श्वेसेन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने पाठिंबा दिला. क्रीडागारं भरू लागली, लोक बरं व्हायला दुरून येऊ लागले. भौतिकशास्त्रज्ञ ह झ्वोश्यू यांच्यासारख्यांनी विरोध केला. १९९९ मध्ये याच लाटेतून निघालेल्या फालुन गोंग या पंथावर बंदी आली आणि ती लाट ओसरली. नंतर सरकारने चार मालिका प्रमाण करून पुन्हा शिकवायला घेतल्या. त्यांत 'यीजिन जिंग' आणि 'आठ रेशमी तुकडे' आहेत.

या सगळ्यात एक साधा शिस्तीचा व्यायाम दोनदा चिरडला गेला. एकदा त्याला अंधश्रद्धा ठरवून, एकदा त्याच्यावर नको तेवढी श्रद्धा ठेवून.

*

१७ जानेवारी १९५४, मकाव. ताई चीचे वू गोंगयी, पन्नाशी ओलांडलेले. समोर पांढऱ्या करकोच्याच्या शैलीचे छेन कफू, तिशीतले. धर्मादाय सामना. दोन फेऱ्यांत थांबवला आणि निर्णय: कुणी जिंकलं नाही, हरलं नाही. त्याची फिल्म आहे. हात विस्कटतात, श्वास छातीत चढतो, सरावातली गोलाई दिसत नाही. मार खाल्ल्यावर श्वास कसा राहतो, हे मार खाण्याच्या सरावातूनच शिकता येतं.

या सामन्यानंतर तीनच दिवसांत हाँगकाँगच्या एका सांजदैनिकात ल्यांग यूशेंगची युद्धवीरांची कादंबरी सुरू झाली. पुढच्या वर्षी जिन योंगची पहिली. तळहाताच्या वाऱ्याने माणसं उडवणारे, आयुष्यभराची आतली शक्ती एका स्पर्शात दुसऱ्याला देणारे वीर या लाटेने घरोघर पोचवले. त्या कादंबऱ्या सुंदर आहेत. पण आज कित्येक जण ज्याला परंपरा समजतात ते या कथांमधून आणि त्यांवरच्या सिनेमांतून आलं आहे.

*

छातीवर दगडी लादी ठेवून हातोड्याने फोडतात, तेव्हा टाळ्या पडतात. लादी जड असते म्हणून झटक्याने फारशी हलत नाही, आणि हातोड्याची बरीचशी ताकद ती फुटण्यातच खर्च होते. लादी जितकी जड, तितका खालच्या माणसाला त्रास कमी. गळ्यावर टेकवून वाकवलेल्या भाल्यात दांडा लवचीक असतो. धैर्य लागतं, पोट आवळावं लागतं, हे खरं. त्याला 'ची'चा पुरावा म्हणू नये.

*

एप्रिल २०१७, छेंगदू. मिश्र युद्धकलांचा खेळाडू शू श्याओदोंग आणि ताई ची शिकवणारे वेइ लेइ यांचा सामना अर्ध्या मिनिटाच्या आत संपला. चीनभर गदारोळ झाला. कुणी म्हणालं कलेचा अपमान झाला, कुणी म्हणालं कला उघडी पडली. मला वाटतं, सरावाचा प्रश्न समोर आला. ज्याने प्रतिकार करणाऱ्या माणसाशी कधी दोन हात केले नाहीत, त्याचा श्वास पहिल्या ठोशालाच सुटतो, मग शैली कुठलीही असो.

*

आणि तरी. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१२ साली एक अभ्यास आला. पार्किन्सनचे १९५ रुग्ण, तीन गट: ताई ची, वजनांचा व्यायाम आणि स्ट्रेचिंग. आठवड्याला दोन वेळा, एकेक तास, २४ आठवडे. तोलाच्या चाचण्यांत ताई चीचा गट दोन्ही गटांहून पुढे राहिला, आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा त्यांचं पडणंही कमी झालं. यात श्वासाचा वाटा किती आणि पावलांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. ते वेगळे नसतातच, असं शिकवणाऱ्या कलेबद्दल ही तक्रार करण्यात अर्थ नाही.

पडण्याची भीती वाटणारा म्हातारा माणूस पाऊल टाकू लागतो, याहून मोठा कुठला चमत्कार हवा आहे?

*

शिकायचं मनात असेल त्याच्यासाठी, अनुभवातून. शिक्षक स्वतःला ढकलू देतो का ते पाहा. जो शिष्यांखेरीज कुणालाही हात लावू देत नाही त्याच्यापासून दूर राहा. पहिल्याच आठवड्यात श्वास कोंडायला लावणारा, रोग बरे करण्याची हमी देणारा, औषधं बंद करा म्हणणारा, दुरून माणसं पाडून दाखवणारा, यांतला कुणीही तुम्हाला काही देणार नाही. आधी उभं राहायला शिका, मग चालायला, मग दुसऱ्याच्या हाताला हात लावायला. श्वास नाकाने घ्या, शांत ठेवा, मोजत बसू नका. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवा.